खुशालरावांची बॅटऱ्यांची जोडी

टाकळखेडचे खुशालराव बैलाच्या जबड्यात अंगठा घालायचे आणि बैलाचं वय, त्याचा स्वभाव, मालक त्याला काय खाऊ घालतो आणि आता का विकतो आहे, हे सगळं सांगून मोकळे व्हायचे. यातलं निम्मं बैलाच्या दातांवरून कळायचं आणि निम्मं मालकाच्या चेहऱ्यावरून, पण गावाला त्याची फोड करून घ्यायची गरज नव्हती. वलगावच्या पलीकडे दोन कोसांवर, तलावाच्या काठी वसलेलं हे लहानसं गाव. गेल्या तीस वर्षांत तिथे जेवढे बैल आले, ते खुशालरावांच्या नजरेखालून आले. परतवाड्याच्या बाजाराला निघालेला माणूस आधी त्यांच्या दारात येऊन उभा राहायचा. ते पैसा घेत नसत. एक चहा, एक पान आणि गाडीत पुढची जागा, एवढ्यावर त्यांचं भागायचं.

खरी कमाई वेगळीच होती. नवी जोडी घेऊन माणूस गावात शिरला की कुणीतरी विचारायचं, "कोनं पायली?" उत्तर यायचं, "खुशालरावनं." मग विचारणारा पुढे काही विचारत नसे. त्या गप्प बसण्यावर खुशालराव जगत होते. घरची सोळा एकर काळी जमीन वडिलांनी केलेली, घर आजोबांनी बांधलेलं. नाव तेवढं त्यांनी स्वतः मिळवलेलं.

आता माणसाला एका गोष्टीतलं कळतं असं ठरलं की लोक त्याला बाकीच्याही गोष्टी विचारू लागतात, आणि विचारलं की कुणाला गप्प बसवतं? खुशालराव बैलांवरून गाडीच्या चाकांवर, चाकांवरून मोटेवर आणि मोटेवरून विहिरीच्या जागेवर असे हळूहळू पसरले होते. 'मले समजत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून त्यांच्या बायकोनेही ऐकले नव्हते. वच्छलाबाई शेजारणींना सांगायच्या, "यायले इचारा, चंद्रावर पेरनी कवा करा लागते. तारीख सांगतीन."

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी तलावावर मासे धरायला येणारा एक गोरा इंजिनियर साहेब बदलून गेला. जाताना त्याने आपली नाव स्वस्तात विकून टाकली, ती देवीदास भोयाने घेतली. तलावाचा मासळीचा ठेका देवीदासकडेच होता. नाव मोठी अजब होती. मागच्या बाजूला पेट्रोलवर चालणारं एक इंजिन लटकत होतं, त्याचा आवाज वलगावपर्यंत जाईल असा. कडेला विजेवर फिरणारा एक लहान पंखा होता. साहेब पेट्रोलच्या इंजिनाने खोल पाण्यापर्यंत जायचा, मग ते बंद करून पंखा लावायचा आणि माशांना चाहूल न लागू देता तासन्‌तास सावकाश हिंडायचा. इंजिन सुरू करायला बॅटरी लागायची आणि पंखा तर सगळा बॅटरीवरच. पण बॅटऱ्या नावेत नव्हत्या. त्या साहेबाच्या ड्रायव्हरने साहेबाच्या आधीच काढून नेल्या होत्या.

देवीदासचं घोडं तिथेच अडलं. अमरावतीचा एक मासळीचा व्यापारी त्याला म्हणाला होता, रोज सकाळी आठच्या आत माल काठावर आण, सगळाच्या सगळा उचलतो. वल्हं मारत पलीकडच्या खोल पाण्यातून यायला देवीदासला दहा वाजायचे. नाव चालली तर त्याचं घर वर येणार होतं. म्हणून एके दिवशी तो खुशालरावांच्या ओट्यासमोर येऊन बसला.

"मामा, नावेले बॅटऱ्या घ्या लागते. तुमी पाहून देता काय?"

खुशालरावांनी बॅटरी पाहिली होती ती फक्त वलगावच्या दुकानात, हातात धरायच्या दिव्याची. ते काही बोलायच्या आत देवीदास म्हणाला, "नावेले ओढाचं काम हाय ना मामा. अन् ओढनारं कोनतंबी असो, पाहावं तं तुमीच."

असं कुणी बोलल्यावर माणूस काय करणार? खुशालरावांनी मिशीवरून हात फिरवला. "कवा जायचं?" एवढंच त्यांनी विचारलं.

अमरावतीत मनासारखा माल मिळेना, तेव्हा दोघे बडनेऱ्याहून आगगाडीत बसून अकोल्याला गेले. तिथे ओमप्रकाश नावाचा एक दुकानदार जुन्या मोटारींचं सामान विकायचा. माणूस सरळ होता. त्याने नावेची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि दोन बॅटऱ्या पुढे काढल्या. एक उंच, काळीभोर, नवा रंग दिलेली. दुसरी बुटकी, रुंद, अंगावर ओरखडे असलेली.

"काकाजी, ही मोटरबसची आहे. एकदम झटका देते, इंजिन सुरू करते आणि आराम करते. मग इंजिनच तिला पुन्हा भरतं. ही दुसरी रेल्वेच्या डब्यातले दिवे जाळणारी. हिच्यात झटका नाही, पण घंटो घंटो थोडं थोडं देत राहते. तुमच्या इंजिनाला पहिली लावा, पंख्याला दुसरी. एक एक घेऊन जा."

खुशालरावांनी हे सगळं, बैल विकणाऱ्याचं ऐकतात तसं ऐकलं. म्हणजे ऐकलंच नाही. ते उकिडवे बसले. बॅटऱ्यांच्या झाकणांची बुचं काढायला लावून त्यांनी आत डोळा लावला. आत शिशाच्या पात्या दिसत होत्या. बसच्या बॅटरीत त्या बारीक आणि दाट होत्या, रेल्वेच्या बॅटरीत जाड आणि मोजक्या.

"देवीदास, पाय इकडे. हिचे दात पाय. बारीक, भरगच्च. जवान हाय. अन् हे म्हातारी, दात जाड झाले, निम्मे पडून गेले."

"काकाजी, ते दात नाहीत."

"तोंडात हाय ना? मंग दातच."

मग त्यांनी दोघींची ताकद पाहायला मागितली. ओमप्रकाशने तार टेकवली. बसच्या बॅटरीने तडाड करून निळी ठिणगी टाकली, देवीदास दोन पावलं मागे सरकला. रेल्वेवाली नुसती शिंकली. खुशालराव उठून उभे राहिले आणि त्यांनी निकाल दिला.

"या काळीची जोड असन तं काढा. दोनी सारख्या पायजे. एक उंच, एक बुटकी, हे काय एका जुवाले चालन?"

"जू कुठे आहे, काकाजी?"

"दोन ओढनारे आले की जू आलंच."

ओमप्रकाशने आणखी एकदा समजावून पाहिलं. तिसऱ्यांदा समजावणारा दुकानदार या जगात जन्मायचा आहे. त्याने आतून हुबेहूब तशीच दुसरी बसची बॅटरी आणून ठेवली. भाव ठरवायला खुशालरावांनी खांद्यावरचं उपरणं ओमप्रकाशच्या हातावर टाकलं आणि त्याखालून बैलबाजाराच्या रीतीने त्याची बोटं दाबायला सुरुवात केली. शहरात वाढलेल्या त्या माणसाला ही बोली येत नव्हती. त्याला वाटलं म्हाताऱ्याला आपल्याविषयी माया दाटून आली. तो बराच वेळ हात देऊन ओशाळा हसत उभा राहिला. शेवटी देवीदासने तोंडाने भाव विचारला.

परतीच्या गाडीत खुशालरावांनी एक बॅटरी मांडीला टेकवून बसवली. बडनेरा येईपर्यंत आतलं तेजाब झिरपून त्यांच्या धोतराला तळहाताएवढं भोक पडलं. "नवं जनावर हाय, लाथ मारतेच," असं म्हणून त्यांनी उपरणं कमरेला गुंडाळलं आणि तसेच गावात शिरले.

गावात नव्या बैलांना ओवाळून घ्यायची रीत. देवीदासची बायको शालू हिने दोन्ही बॅटऱ्यांना कुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. खुशालरावांनी त्यांची नावं ठेवली, राजा आणि परधान. पंजाबराव नावाचे एक गृहस्थ चावडीवर बसून दुसऱ्यांच्या कामाची चौकशी करत दिवस घालवायचे. त्यांनी विचारलं, "कोनं पायल्या?" देवीदासने सांगितलं, आणि पंजाबराव गप्प झाले.

वलगावच्या कापसाच्या जिनातल्या मिस्त्रीकडून बॅटऱ्या भरून आणल्या. राजा-परधान एकमेकांना जोडून दोन्ही कामं त्यांच्यावरच टाकली. पहिल्या दिवशी काठावर सगळं गाव जमलं होतं. मोठं इंजिन एका झटक्यात धडधडलं, बायकांनी कानावर हात ठेवले. खोल पाण्यात गेल्यावर देवीदासने ते बंद करून पंखा लावला आणि नाव आवाज न करता पाण्यावरून सरकत राहिली. जाळं असं भरलं की आठच्या आत मासळी काठावर आली आणि व्यापाऱ्याने एकही मासा परत केला नाही. खुशालराव काठावर काठी टेकून उभे होते. त्यांच्या मते नावेला उजव्या अंगाने राजा जरा जास्त ओढत होता.

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी पंखा अर्ध्या वेळातच सुस्तावला. मिस्त्रीकडून भरून आणल्यावर आणखी लवकर सुस्तावला. देवीदास विचारायला आला.

"थकल्या असतीन," खुशालराव म्हणाले. "लागोपाठ जुंपल्या ना. एक दिस सावलीत ठिव. अन् पानी पाज, हीरीचं."

मिस्त्रीने विहिरीचं पाणी घालू नको म्हणून बजावलं होतं. पण मिस्त्री काय, वयाने पंचवीस वर्षांचा. देवीदासने दोघींना लिंबाच्या सावलीत ठेवलं, विहिरीचं गार पाणी पाजलं. दृष्ट लागली असेल म्हणून शालूने काळा दोरा बांधला. खुशालराव रोज सकाळी येऊन त्यांच्या अंगावरून हात फिरवायचे. त्यांना मनातून धाकधूक वाटू लागली होती, पण ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. जोडी बसकी, म्हणजे जुंपली की बसणारी, निघाली असं एकदा गावात झालं, की पुढच्या बाजाराला कोण आपल्या दारात येणार, याचा हिशोब त्यांच्या डोक्यातून जाईना.

पुढच्या सोमवारी व्यापारी स्वतः येणार होता. माल असाच मिळाला तर वर्षाचा करार करू म्हणाला होता. देवीदासने खुशालरावांना नावेत बसायची विनंती केली. बसताना त्यांना तळाशी वल्ही दिसली.

"हे काहून?"

"असू द्या मामा. वखत-बेवखत."

"जोडी जुंपलेली असताना गाडी ढकलाले मानसं सोबत घेते काय कोनी? काढ ते. व्यापाऱ्यानं पायलं तं काय म्हनन?"

देवीदासने वल्ही काठावर ठेवली.

खोल पाण्यापर्यंत सगळं ठीक चाललं. जाळंही चांगलं भरलं. परत फिरताना, मोठं इंजिन लावायच्या आधीच, तलावाच्या ऐन मध्यावर पंखा दोनदा अडखळला आणि थांबला. देवीदासने मोठं इंजिन सुरू करायचा खटका दाबला. आतून 'टक्' असा एक आवाज आला आणि मग तोही आला नाही. राजा-परधानात धुगधुगी उरली नव्हती. काठावर व्यापाऱ्याची पांढरी टोपी दिसत होती. कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या. खुशालरावांना पोहता येत नव्हतं, हेही त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"मामा, तुमी हलू नोका," देवीदास म्हणाला. त्याने सदरा काढला, नावेचा दोर खांद्यावरून छातीला गुंडाळला आणि पाण्यात उडी टाकली.

तो पोहत नाव ओढू लागला. दोन बॅटऱ्या, इंजिन, पंखा, भरलेलं जाळं आणि त्या सगळ्यांच्या मध्ये मांडी घालून बसलेले खुशालराव. नवरदेवासारखे बसले होते, असं बायकांनी पुढे वर्षभर सांगितलं. पण खुशालरावांचं लक्ष बायकांकडे नव्हतं. त्यांना देवीदासचा खांदा दिसत होता. दोर रुतून तिथे आधी लाल पट्टा उठला, मग कातडी सोलवटली. जुवाने खांदा सुजलेला बैल कुणी जुंपला, तर खुशालराव रस्त्यात गाडी थांबवून, मालकाला सगळ्यांच्या देखत फैलावर घ्यायचे. दोन बैलांचं ओझं एका बैलावर टाकणाऱ्याच्या घरचं पाणीही ते पीत नसत. आज त्यांनी स्वतः काय केलं होतं? त्यांना आपली इतकी लाज वाटली की पोहता येत असतं तर ते तिथेच उतरले असते.

काठाला लागेपर्यंत साडेनऊ वाजले. व्यापारी केव्हाच निघून गेला होता. पंजाबराव मात्र होते.

"काहून देवीदास, काय झालं?"

देवीदास धापा टाकत होता. त्याने एकदा खुशालरावांकडे बघितलं आणि खाली मान घातली. "मी तार ढिली बांधली. माझंच चुकलं."

"तरीच," पंजाबराव म्हणाले. "जोडी खुशालरावनं पायली, तिले काय होते?"

सगळ्यांनी माना हलवल्या. खुशालरावांनी ते ऐकलं आणि पटका सारखा केला. ते घरी गेले.

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. ज्वारीची भाकरी आणि आंबाडीची भाजी त्यांना जीव की प्राण, तीही ताटात तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी वच्छलाबाईंनी ताट उचलता उचलता विचारलं, "त्या पोराची तार ढिली नोती ना?"

"नोती."

"मंग सांगून टाका ना."

"सांगतलं तं बैलाले कोन इचारन मले?"

वच्छलाबाई ताट घेऊन दाराशी थांबल्या. त्या नुसत्या म्हणाल्या, "त्याचा खांदा पिकला म्हंते. शालू हळद मागाले आली होती."

खुशालराव उठले. पटका बांधला. राजा आणि परधानाला नावेतून काढून गाडीत घातलं, घरच्या तुरीचं एक पोतं सोबत घेतलं आणि एकटेच अकोल्याला गेले. ओमप्रकाश त्यांना बघून घाबरला, भांडायला आले असं त्याला वाटलं. खुशालराव दुकानाच्या पायरीवर बसले. त्यांनी घसा खाकरला, पाणी मागितलं, ते प्यायले, पुन्हा घसा खाकरला.

"शेट," ते म्हणाले, "मले बॅटरीतलं काही समजत नाही. तुमी पाहून द्या."

बावन्न वर्षांच्या आयुष्यात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं होतं. आभाळ कोसळलं नाही. ओमप्रकाश "बरं" म्हणाला आणि आत गेला. बसच्या दोन बॅटऱ्यांतली एक अजून सुधारण्यासारखी होती, तिचं पाणी बदलून त्याने ती परत दिली. दुसरी आणि तुरीचं पोतं यांच्या बदल्यात त्याने ती बुटकी, ओरखडेवाली काढली आणि कुणाला कुठे जोडायचं ते कागदावर रंगाने काढून दिलं. विहिरीचं पाणी अजिबात नको, हे त्याने चार वेळा सांगितलं. खुशालरावांनी चारही वेळा मान हलवली.

गावात आल्यावर ते घरी गेलेच नाहीत, सरळ चावडीवर गेले. पंजाबराव होतेच.

"देवीदासची तार ढिली नोती," खुशालराव म्हणाले. "बॅटऱ्या मी चुकीच्या घेतल्या. दुकानदार सांगून राहिला होता, मी आयकलं नाही. पानीबी मीच पाजाले लावलं. अन् वल्ही मीच काढाले लावली."

चावडी गप्प झाली. ही शांतता खुशालरावांच्या ओळखीची नव्हती. पंजाबराव म्हणाले, "असं काय," आणि तंबाखू मळू लागले. खुशालराव उठून घरी आले. झालं, असं त्यांना वाटलं. तीस वर्षांचं नाव होतं, चार वाक्यांत संपलं.

दुसऱ्या दिवसापासून देवीदासची नाव चालू लागली. मोठं इंजिन एका झटक्याला सुरू व्हायचं आणि ती बुटकी म्हातारी सकाळभर पंखा फिरवत राहायची. व्यापारी परत आला. खुशालराव तलावाकडे गेले नाहीत.

परतवाड्याच्या बाजाराचा दिवस उजाडला. तीस वर्षांच्या सवयीने खुशालराव पहाटेच आंघोळ करून, पटका बांधून ओट्यावर बसले. समोरून एक गाडी गेली, गाडीवानाने रामराम केला आणि थांबला नाही. दुसरी गेली. त्यातला माणूस पाहुण्याशी बोलण्यात गुंतला होता. ऊन ओट्यावर चढलं. वच्छलाबाई दोनदा दाराशी येऊन आत गेल्या. खुशालरावांनी पटक्याला हात घातला, तो सोडून ठेवावा म्हणून.

तेवढ्यात देवीदास आला. त्याच्या खांद्यावर हळदीचा पिवळा डाग अजून होता. तो ओट्यासमोर उकिडवा बसला.

"मामा, मासळी आता लय निघून राहिली. व्यापारी म्हंते, अमरावतीलेच आनून दे, भाव जास्त देतो. गाडी घेतली म्या काल. आता बैल पायजे."

खुशालरावांचा हात पटक्यावरच राहिला.

"चालता ना मामा, परतवाड्याले?"

"माह्यासंगं?" खुशालराव म्हणाले. "बॅटऱ्याचं पायलं ना तू?"

"पायलं ना," देवीदास म्हणाला. "बॅटरीतलं तुमाले समजत नाही. बैलातलं समजते. चला, ऊन झालं."

खुशालरावांना एकदम भरून आलं. त्यांनी तोंड फिरवलं, डोळे पुसले, तंबाखू तिखट आहे असं पुटपुटले. तोंडात तंबाखू नव्हती. मग ते मागून आणलेल्या बैलजोडीच्या गाडीत बसले, आज पहिल्यांदाच मागच्या बाजूला, आणि परतवाड्यात पोचल्यावर देवीदासच्या बैलांचे दात त्यांनी तीन तीन वेळा पाहिले.